नानांच्या रिसीव्हरवरची कोरी खूण

१

फुकट मिळालेल्या गोष्टीची माणसाला किंमत नसते, हे मिस्त्रीला लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात कळून चुकलं होतं. बटणं उखडणारे, आरशावर नावं कोरणारे, दारात पाय घालून गप्पा मारणारे, सगळे त्याने पाहिले होते. पण परक्याच्या घरचा रेडिओ फुकट ऐकायला यायचं आणि तिथे भलत्याच जागी ठाण मांडून बसायचं, असला नमुना त्याने आजवर पाहिला नव्हता.

"हा बघ, आजही बसलाय," तो म्हणाला. एका हातात जेवणाचं ताट, दुसऱ्या हातात कॉम्प्युटरचा माउस.

"कोण?" अक्काने विचारलं. अक्का म्हणजे त्याची मोठी बहीण. हॉलच्या खिडकीशी ती शिलाईच्या मशीनवर गिऱ्हाईकाचे पडदे शिवत होती.

"कोण ते कळलं असतं तर नाव घेऊन शिव्या घातल्या नसत्या का?"

"आधी जेव. शिव्या काही शिळ्या होत नाहीत."

हॉलच्या कोपऱ्यात, कपाटावर, डबीएवढा एक रिसीव्हर होता. त्याची तार खिडकीतून निघून गच्चीवर ताणलेली होती. रिसीव्हर इंटरनेटला जोडलेला असल्यामुळे जगातल्या कुणालाही त्याचं पान उघडून, हवं ते शॉर्टवेव्ह स्टेशन लावून, मिस्त्रीच्या गच्चीवर काय ऐकू येतं ते स्वतःच्या घरी बसून ऐकता येई. एकाच वेळी अनेक जण येत, प्रत्येकाचं स्टेशन वेगळं, कुणाची कुणाला अडचण नाही. पानावर एक रंगीत चित्र वरून खाली सरकत राही. मिस्त्री त्याला धबधबा म्हणे. जिथे काही आवाज असेल तिथे धबधब्यात उजळ रेघ उमटे, आणि चित्राच्या पायथ्याशी, जो जिथे ऐकत असेल तिथे त्याच्या नावाची बारीक खूण उभी राही. नाव न देणाऱ्यांना पान आपोआप 'पाहुणा' म्हणे.

या गृहस्थाची खूण कोरी होती. ना नाव, ना पाहुणा.

२

हा सगळा खटाटोप नानांसाठी होता. नाना म्हणजे अक्का आणि मिस्त्रीचे वडील. जन्मभर त्यांनी शिंपीकाम केलं, आणि जन्मभर डोक्याशी फळीवर रेडिओ ठेवून दूरदूरची स्टेशनं ऐकली. भाषा एकही कळत नसे. "कळायला कशाला हवी? माणूस थकलाय, खूश आहे, की थापा मारतोय, ते आवाजातच असतं," असं ते म्हणत. पुढे फुप्फुसं थकली. नानांनी अंथरूण धरलं, नाकाशी ऑक्सिजनच्या मशीनची नळी आली. त्यातच दिवे, चार्जर आणि मोटारींच्या खरखरीने शहर असं भरून गेलं की त्यांच्या जुन्या रेडिओवर नुसती माशी घोंगावावी तसा आवाज येऊ लागला.

मग मिस्त्रीने त्यांना टॅबवर इतरांचे रिसीव्हर लावून दिले. कुणाचा शेतातला, कुणाचा कुठल्याशा बेटावरचा. नाना लहान मुलासारखे हरखले. आणि थोड्याच दिवसांत म्हणाले, "रोज लोकांच्या दारात जाऊन बसायचं आणि आपलं दार लावून घ्यायचं, हे शोभत नाही, बाळ्या. आपलंही उघडं ठेव."

बाळ्या पन्नाशीला आला होता, पण वडिलांचा शब्द तो शब्द.

आता भर वस्तीतल्या घराच्या गच्चीवरून ऐकू येऊन येऊन काय येणार? घरातलं प्रत्येक यंत्र धबधब्यात आपापली रेघ ओढी. स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरची जाड रेघ, नानांच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळातल्या दिव्याची दातेरी, अक्काच्या मशीनची मोटार चालू झाली की येणारी थरथरती. "आपल्याकडे स्टेशनं कमी आणि संसारच जास्त ऐकू येतो," असं म्हणून नाना हसत, आणि हसता हसता त्यांना दम लागे. मिस्त्रीला मात्र या रेघा तोंडपाठ होत्या. त्याला ठाऊक होतं की ती कोरी खूण उभी आहे ती कुठल्याच स्टेशनवर नाही. ती उभी आहे इमारतीच्या लिफ्टच्या रेघेवर.

त्याने मास्तरांना फोन केला. मास्तर म्हणजे दुसऱ्या गावचे निवृत्त शिक्षक, या पानावरचे जुने ऐकणारे.

"लिफ्ट ऐकतोय हो, मास्तर! सबंध जगातली स्टेशनं सोडून आमची लिफ्ट!"

"लावून झोपला असेल कुणीतरी."

"न हलणाऱ्याला पान आपोआप बाहेर काढतं. याला काढत नाही. मी हाताने काढला, तर पाणी प्यायला उठून आल्यासारखा परत जागेवर."

"मग तो माणूस नसेल. कुठलातरी प्रोग्रॅम भटकत आला असेल. मिस्त्री, तुम्ही फार मनाला लावून घेता."

"तुमच्या घरी कुणी न सांगता येऊन बसलं असतं, तर तुम्ही काय लावून घेतलं असतं, तेल?"

मास्तर हसले. मिस्त्रीला हसू आलं नाही.

३

रविवारी दुपारी खूण लिफ्टवरून हलली होती. ती अक्काच्या मशीनच्या रेघेवर उभी होती.

मिस्त्रीचं डोकं सणकलं. लिफ्ट काय, सगळ्या इमारतीची. पण हे घर होतं. या छंदातल्या माणसाला खरखर सतावू लागली की तो एकच गोष्ट करतो: घरातली यंत्रं एकेक करून बंद करत जातो, म्हणजे नको ती रेघ कुणाची ते कळतं आणि धबधबा स्वच्छ होतो. वर्षानुवर्षांची सवय. त्याने उठून अक्काच्या मशीनचा प्लग उपटला.

"अरे! माझी शिवण अर्धी आहे!"

"थांब जरा. त्याच्या बुडाखालची सतरंजीच ओढतो."

पडद्यावरची थरथरती रेघ विझली. कोरी खूण क्षणभर काळोखात उभी राहिली, आणि मग आजूबाजूला न शोधता, न अडखळता, सरळ फिल्टरच्या रेघेवर गेली.

"पळाला!" मिस्त्री ओरडला. स्वयंपाकघरात जाऊन त्याने फिल्टर बंद केला. परत आला तर खूण बोळातल्या दिव्यावर. त्याने दिवा घालवला. फ्रिज, टीव्ही, मोबाइलचे चार्जर, सगळं बंद करत तो घरभर फिरला. तोंडाने चालूच होतं, "लाज नाही, शरम नाही, बोलावणं नाही." शेवटी हॉलमध्ये येऊन तो विजयाने कॉम्प्युटरपुढे बसला.

धबधबा कधी नव्हे इतका काळाभोर झाला होता. लिफ्ट कुणी वापरत नव्हतं, तिचीही रेघ विझलेली; त्यात एकच रेघ उरली होती. नानांच्या ऑक्सिजन मशीनची. ती बंद करता येणार नव्हती.

कोरी खूण तिथे उभी होती.

अक्का त्याच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. तिला फ्रिक्वेन्सी वगैरे कळत नसे, पण कुठली रेघ कुठल्या खोलीतली हे ऐकून ऐकून तिलाही पाठ झालं होतं. ती हळूच म्हणाली, "भटकं कुत्रं घरात शिरलं तर आपण आधी बाहेरचं दार उघडतो, बाळ्या. तू त्याला हाकलत हाकलत आतल्या खोलीत नेलंस."

४

मिस्त्रीने स्वतःला समजावलं. रेघा म्हणजे काही खोल्या नव्हेत. आकडे आहेत. कुणीतरी टवाळ दूर कुठेतरी बसून, एक रेघ विझली की दुसऱ्या रेघेवर जातोय. त्याला काय ठाऊक कुठली रेघ म्हणजे कुठली खोली? हे त्याने मनाशी पुनःपुन्हा म्हटलं. पण मग दुसरीच एक गोष्ट डोक्यात शिरली. फ्रिजची रेघ जवळ होती, टीव्हीचीही. त्या सोडून हा लिफ्टवरून हॉलमध्ये, हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून बोळात आणि बोळातून नानांकडे आला. दारातून आलेला माणूस या घरात असाच चालत आत येतो.

त्याने हेडफोन लावले आणि स्वतःची खूण त्या कोऱ्या खुणेशेजारी आणली.

मशीनची घरघर ऐकू आली. तिच्यावर मधूनच एक फुसकारा. नानांनी श्वास ओढला की मशीन हवेची फुंकर सोडी आणि घरघर किंचित खाली बसे, मग पुन्हा वर येई. बोळाच्या टोकाला प्रत्यक्ष नाना झोपलेले होते, आणि इथे हेडफोनमध्ये त्यांचा श्वास. ओढला, सोडला. ओढला, सोडला.

तेवढ्यात त्याला दिसलं की शेजारची कोरी खूण हलतेय. अगदी केसभर. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. स्टेशन नीट लागावं म्हणून माणूस बटण हळूच फिरवून बघतो, तशी. मग ती स्थिर झाली. आवाज तिला स्वच्छ लागला असावा.

मिस्त्रीने हेडफोन काढून फेकले. पानावरच्या गप्पांच्या चौकटीत त्याने लिहिलं: "कोण आहात? माझ्या वडिलांचा श्वास हा काही कार्यक्रम नाही. आत्ताच्या आत्ता निघा."

दोन नेहमीच्या ऐकणाऱ्यांनी खाली हसरी तोंडं टाकली. कोरी खूण जागची हलली नाही.

५

"बंद कर तो डबा," अक्का म्हणाली. "एवढा वाद कशाला घालायचा? तार काढ आणि मोकळा हो."

"नानांनी सांगितलंय दार उघडं ठेवायला."

"नानांनी माणसांसाठी सांगितलं होतं."

मिस्त्रीने रिसीव्हरची वीज तोडली. गच्चीची तार उपटली. पान ज्या कॉम्प्युटरवरून चालत होतं तो बंद केला आणि वर त्याची वायरही काढून खिशात घातली. मग तो नानांच्या खोलीत गेला. खिडकीतून उन्हाचा पट्टा पांघरुणावर पडला होता. नाना टॅब छातीवर ठेवून जागेच होते.

"काय रे, एवढा तणतणतोयस कुणावर?"

"कुणावर नाही. तुम्ही पडा."

"पडलेलाच आहे. याहून जास्त पडायचं म्हणजे खाटेखाली जावं लागेल." ते हसले, दम लागला, मशीनने फुंकर सोडली. "माझं ऐकायला कुणीतरी येतं, ते कळलंय मला. शेवटी शेवटी मीही तिथेच लावून ऐकत होतो. जन्मभर मी लोकांचं ऐकलं, बाळ्या. कुणी आपलं इतकं कान देऊन ऐकतंय म्हटल्यावर... बरं वाटतं."

"बरं कसलं वाटतं? ओळख ना पाळख! डॉक्टर म्हणालेत तब्येत सुधारतेय. पुढच्या महिन्यात तुम्हाला खुर्चीवर बसवायचंय. त्याला कुणी बोलावलंय?"

"ओरडू नकोस. त्याला ऐकू येणार नाही माझं."

मिस्त्रीने टॅब उचलला आणि बाहेर आणून अक्काच्या हातात दिला. फोन वाजला. मास्तर होते.

"वा मिस्त्री! काय स्वच्छ केलंत हो! सगळा काळोख आणि मधोमध एकच सुंदर रेघ. अशी शांतता मी कुठल्याच रिसीव्हरवर पाहिली नाही. काय बदललंत?"

मिस्त्रीने खिशातली वायर चाचपली.

"मास्तर, तुम्ही आत्ता बघताय?"

"आत्ताच. दोन खुणा आहेत. एक ती तुमची कोरी. दुसरीवर लिहिलंय, 'शिंपी'."

'शिंपी' हे नाव नाना वापरत.

६

मिस्त्रीने मोबाइलवर पान उघडलं. उघडू नये अशी मनापासून इच्छा असताना ते उघडलं. धबधबा सरकत होता. एक रेघ, दोन खुणा, खांद्याला खांदा लावल्यासारख्या.

त्याला भयंकर राग आला. असा राग त्याला फक्त एकदा आला होता, कुणा मालकाने पैसे वाचवायला लिफ्टचे ब्रेक घासून परत बसवायला सांगितले होते तेव्हा. "आपल्याच घरात, आपल्याच वडिलांजवळ, आणि आपण बघत बसायचं?" तो म्हणाला. "अक्का, तू म्हणालीस तसंच करू. बाहेरचं दार उघडू."

तिला लगेच कळलं. तिने फ्लॅटचा दरवाजा सताड उघडला आणि धावत येऊन शिलाईच्या मशीनपुढे बसली. मिस्त्रीने बोळातला दिवा लावला, फिल्टर चालू केला. अक्काने प्लग घातला आणि सुईखाली कापड नसतानाच मशीन सोडून दिलं. ऐन दुपारी सगळं घर खडखडू, गुणगुणू लागलं. मिस्त्रीने बाहेर जाऊन लिफ्ट वर बोलावली आणि दारात पायताण अडकवून उघडी ठेवली. धबधब्यात रेघा एकेक करून उजळल्या. आतून बाहेरपर्यंत वाट तयार झाली.

"जा," तो मोबाइलकडे बघून म्हणाला. "जा आता. खूप ऐकलंस."

कोरी खूण हलली. ऑक्सिजनवरून बोळात आली.

"निघाला! अक्का, निघाला!"

मग स्वयंपाकघर. तिथे ती थोडी थांबली. अक्का पायाने मोटारीचं पेडल दाबत ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. एकाएकी मशीनचा आवाज जड झाला. सुई वर-खाली होत होती, पण जाडजूड कापडातून जावी तशी अडखळत. खाली काहीच नव्हतं. अक्काने पाय काढला नाही.

"बाळ्या, लवकर सांग."

"हॉलमध्ये आहे. थांबू नकोस. पाय काढू नकोस."

सुई मोकळी झाली. आणि लगेच दुसऱ्यांदा अडखळली, या वेळी हलकेच, मलमलीतून जावी तशी.

मिस्त्रीने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. कोऱ्या खुणेच्या मागोमाग 'शिंपी' निघाली होती. बोळ, स्वयंपाकघर, हॉल. तीच वाट, तोच वेग.

"नाना!" तो तिथूनच ओरडला. "हा काय पोरखेळ? त्याच्या मागे लागू नका! टॅब खाली ठेवा, नाना!"

"टॅब माझ्याकडे आहे," अक्का म्हणाली.

तो तिच्या मांडीवर पालथा पडला होता. मिस्त्रीने तो उलटला. काच काळी होती.

बाहेर दारात अडकवलेलं पायताण घसरल्याचा आवाज आला, आणि लिफ्टचं दार, कसलीही घाई नसल्यासारखं, बंद झालं.

७

मिस्त्री जिन्याने धावला. पायऱ्यांवर अनवाणी पाय आपटत, कठडा धरून वळणं घेत, मोठमोठ्याने बडबडत. "असं नाही. असं नाही न्यायचं. ही कुठली पद्धत?" भिंतीपलीकडे लिफ्ट त्याच्या बरोबरीने उतरत होती, त्याच्याच हाताने तेल घातलेली. कुठे खट्ट नाही, कुठे कुरकुर नाही. वरून अक्काचा आवाज आला. ती हाक नव्हती, हंबरडा होता. ती नानांच्या खोलीत गेली असावी.

तळमजल्यावर तो लिफ्टच्या आधी पोहोचला. समोर इमारतीचं फाटक, फाटकाबाहेर उन्हाने पांढरा पडलेला रस्ता, त्यावर कुणी नाही. तो लिफ्टकडे तोंड करून वाटेत उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले. छाती भात्यासारखी चालत होती.

लिफ्ट थांबली. दार उघडलं.

आत कुणी नव्हतं. आरसा, बटणं, पंख्याची जाळी. पण मिस्त्री आरशाकडे बघत नव्हता. तो खाली बघत होता. माणसं आत असली की लिफ्टचा डबा दोरांना ताण देऊन बोटभर खाली बसतो, माणूस उतरला की तेवढाच वर येतो. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या हे कधी लक्षात येत नाही. रिकाम्या डब्याची फरशी बाहेरच्या फरशीच्या बोटभर खाली होती.

"बाजूला होणार नाही मी," तो म्हणाला.

डबा वर आला. एकदम, जड माणूस उतरावा तसा.

मग काही झालं नाही. डबा तसाच राहिला. अजून अर्धं बोट खाली. आत कुणीतरी थांबलं होतं, वाट अडवून उभ्या असलेल्या माणसाकडे बघत.

"नाना," मिस्त्री म्हणाला. आवाजातला राग तोवर संपत आला होता, तरी त्याने तो धरून ठेवला. "पुढच्या महिन्यात खुर्चीवर बसवणार होतो हो तुम्हाला."

डबा उरलेलं अर्धं बोट वर आला. इतका हळू, इतका थोडा, की दुसऱ्या कुणाला तो दिसलाही नसता.

दार बंद झालं. मिस्त्री हात पसरून तसाच उभा होता.